चौदाव्या तासाचं तारतम्य

रात्रीचा एक वाजून गेलाय. ठाण्यात दोन शेजारी आलेत. एकाच्या कपाळाला खोक, दुसऱ्याचा सदरा खांद्यापासून उसवलेला, आणि दोघांच्या मागे दोघांच्या बायका. भांडण पार्किंगवरून झालं म्हणतात. पार्किंग हे निमित्त. मूळ बहुधा तीन पावसाळ्यांपूर्वीच्या गळतीत, नाही तर पोरांच्या कुठल्या तरी बोलाचालीत असणार. ठाणे अंमलदाराच्या टेबलापुढे दोघंही एकदम बोलतायत आणि दोघांनाही आपलीच तक्रार आधी लिहून हवी आहे.

आता या अंमलदारापुढे वाटा किती आहेत बघा. एनसी घेऊन, म्हणजे अदखलपात्र नोंद करून, दोघांना कोर्टाचा रस्ता दाखवता येतो. खोक पडलेल्याला मेडिकलला पाठवून, डॉक्टर काय लिहितात ते पाहून गुन्हा दाखल करता येतो. दोघांच्याही फिर्यादी घेऊन क्रॉस केस करता येते; मग दोघंही पुढची काही वर्षं एकाच कोर्टाच्या एकाच व्हरांड्यात तारखांना उभे राहतील. चॅप्टर केस करून चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घेता येतं. फारच गुरगुरत असतील तर प्रतिबंधक अटक आहेच. नाही तर दोघांना बाहेरच्या बाकांवर वेगवेगळं बसवायचं, पाणी द्यायचं, अर्धा तास जाऊ द्यायचा, मग घरातल्या वडीलधाऱ्यासारखं चार शब्द बोलायचं आणि स्टेशन डायरीत 'समज देऊन सोडले' अशी ओळ लिहायची. आणखीही एक वाट आहे, ती कुठल्या पुस्तकात नाही. दोघांना दोन-दोन ठेवून द्यायच्या आणि 'चला, निघा आता' म्हणायचं.

यातली कुठली धरायची हे त्याला कुणी सांगत नाही. कायद्याने बऱ्याच वाटा उघड्या ठेवल्यात आणि साहेब यावेळी घरी आहेत. पाण्याच्या तांब्याची वाट बहुतेक वेळा सगळ्यांत शहाणपणाची. पण तिला अर्धा तास लागतो आणि डोकं थंड लागतं. ठेवून द्यायला दहा सेकंद पुरतात. आणि हा माणूस सकाळी हजेरी देऊन कुणा मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला उन्हात उभा होता. संध्याकाळी तो ठाण्यात परतला, तर टेबलावर ज्याची पाळी होती तो आरोपीला घेऊन सरकारी दवाखान्यात अडकलेला. म्हणून हा बसलाय.

पोलिसांच्या हालांची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते आणि पोलिसांच्या मनमानीची पहिल्या पानावर. वाचणाऱ्याला त्या दोन वेगळ्या बातम्या वाटतात. हाल वाचून आपण हळहळतो, मनमानी वाचून संतापतो, आणि दोन्ही बातम्या एकाच माणसाच्या, कदाचित एकाच दिवसाच्या आहेत हे डोक्यात येत नाही. हळहळीची आणि संतापाची खाती आपण वेगळी ठेवली आहेत. माझ्या मते तिथेच हिशेब चुकतो.

सरकारी खात्यांत साधारणपणे जसजसं वर जावं तसतसा स्वतःच्या मनाने ठरवण्याचा अधिकार वाढत जातो. कारकुनाने नियम पाळायचा, सचिवाने तो वाकवायचा की बदलायचा ते ठरवायचं. पोलीस खात्यात हे उलटं असतं, असं जेम्स क्यू. विल्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं. तिथे जितकं खाली यावं तितका हा अधिकार वाढतो. आयुक्त आदेश काढतात, मोहिमा जाहीर करतात. पण सिग्नल तोडणाऱ्या पन्नास जणांतल्या कुणापुढे हात आडवा करायचा आणि थांबवल्यावर चलन करायचं की 'पुन्हा दिसलास तर बघ' म्हणून सोडायचं, हे नाक्यावरचा शिपाई ठरवतो. तो ते चार सेकंदांत ठरवतो आणि त्यावेळी त्याच्या शेजारी सहसा कुणी वरिष्ठ नसतो.

आपल्याकडे गंमत अशी की हा शिपाई मुळात डोकं चालवण्यासाठी नेमलेलाच नव्हता. १८५७ च्या उठावानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, पोलीस कायदा झाला तो राज्यकर्त्यांचा दरारा राहावा म्हणून. पुढे १९०२-०३ मध्ये सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पोलीस आयोगाने तर साफ सांगितलं की शिपायाला पहारा देणं, कैदी नेणं-आणणं अशी यांत्रिक कामंच द्यावीत, तपासाला हात लावू देऊ नये. तेव्हाचा शिपाई जेमतेम लिहिता येणारा, तुटपुंज्या पगारावरचा. आयोगाचा संशय त्या काळाच्या हिशेबाने समजू शकतो. आज पोलीस भरतीच्या मैदानावर पहाटे साडेचारला रांगेत उभी असणारी मुलंमुली बघा. त्यांत पदवीधर ढिगाने असतात, अभियांत्रिकी झालेलेही सापडतात. निवड झाली की मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून सुरू होतं, अंगावर खाकी चढते आणि खात्याची पहिली अपेक्षा जवळपास फ्रेझरसाहेबांचीच उरते: सांगितलं तिथे उभं राहा. मग एके रात्री त्याच पोराला किंवा पोरीला रस्त्यावर एकट्याने ठरवावं लागतं की समोरच्याचं घर मोडायचं की सावरायचं.

उभं राहायचं किती वेळ, याचा मात्र फ्रेझरसाहेबांनाही धक्का बसला असता. १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम २८ सांगतं की पोलीस हा सदैव कामावर आहे असं मानलं जाईल. या 'सदैव'चा अर्थ पोलीस लाइनीतल्या बायकापोरांना विचारावा. केंद्राच्या पोलीस संशोधन व विकास ब्युरोने २०१४ मध्ये ठाण्यांतल्या कामाच्या तासांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आठ तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास निघालं. २०१९ मध्ये 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' या संस्थांनी देशभरातल्या पोलिसांशी बोलून अहवाल केला. त्यात दिवसाचं सरासरी काम १४ तासांचं आणि निम्म्या लोकांना साप्ताहिक सुट्टी अजिबात नाही. चौदा तास ही सरासरी आहे. गणपतीच्या दहा दिवसांत, निवडणुकीत, आषाढीला पंढरपुरात ती कुठे जात असेल ते सांगायला नको.

अनंत चतुर्दशीची पुण्याची मिरवणूक चोवीस तास ओलांडते. लक्ष्मी रोडला दुसऱ्या दिवशी सकाळी बंद दुकानांच्या पायऱ्यांवर वर्दीतली माणसं बसलेली दिसतात. बूट काढून शेजारी ठेवलेले, मोजे त्यात कोंबलेले, पायाची बोटं पांढरी पडून सुरकुतलेली. कुणी पाकिटातली गार पुरी-भाजी खातोय, कुणी भिंतीला डोकं टेकून बसल्या बसल्या झोपलाय. बंदोबस्तातल्या महिला पोलिसांनी पाणी पिणंच कमी केलेलं असतं, कारण जवळपास जायला जागा नसते. हे त्या इतक्या सहजपणे सांगतात की ऐकणाऱ्याला लाज वाटावी. एवढ्यात शेवटच्या मंडळाच्या ढोलाचा आवाज येतो आणि सगळे बूट चढवतात. त्या मंडळाच्या कार्यकर्त्यांपैकी कुणी प्यायलेला असतो, कुणी अडून बसतो. त्याला समजावायचं की गाडीत घालायचं, हा निर्णय त्या सुरकुतलेल्या पायांवर उभं राहून घ्यायचा असतो.

ड्युटी संपली तरी झोप मिळतेच असं नाही. मुंबईतल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथे पोलिसांच्या किती पिढ्या राहिल्या. रात्रपाळी करून आलेल्या बापाने सकाळी आठला त्या एका खोलीत झोपायचं कसं? एका कोपऱ्यात कुकरच्या शिट्ट्या, दुसऱ्यात दहावीचा अभ्यास, दारात नळाची भांडी. तिथल्या पोलिसांना नवी घरं पन्नास लाखांना द्यायचं आधी ठरलं, मग पंचवीस, शेवटी २०२२ मध्ये पंधरा लाखांवर आलं. ते चांगलंच झालं. बाकीचे विरार, बदलापूर, पनवेलहून येतात आणि त्यांचे बारा तास दारातून दारापर्यंत मोजले तर सोळा होतात.

थकलेला माणूस चुका करतो एवढं म्हणून भागत नाही. त्या चुकांना एक वळण असतं आणि ते आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी भोवतं.

थकलेला माणूस पहिल्यांदा जवळची वाट धरतो. गर्दीत खिशातून मोबाइल गेला की तुम्ही ठाण्यात जाता. तुमची तक्रार चोरीची असते, बाहेर पडताना हातातल्या कागदावर मोबाइल 'गहाळ' झालेला असतो. चोरी लिहिली तर गुन्हा दाखल होतो, तपास लागतो, महिन्याच्या आकड्यात भर पडते, आढावा बैठकीत साहेबांना उत्तर द्यावं लागतं. गहाळ लिहिलं की पाच मिनिटांत काम उरकतं, तुम्हालाही नवं सिम घ्यायला कागद मिळतो आणि तुम्ही निमूट घरी जाता. यात लबाडी आहे, नाही असं नाही. पण बाहेर आठ माणसं थांबलेली, आत एकटा अंमलदार आणि त्याचा बारावा तास, असा देखावा असेल तर शंभरातले नव्वद जण गहाळच लिहितील. तुम्ही-मीसुद्धा.

दुसरं, थकलेलं डोकं नव्याने विचार करत नाही, जुन्या साच्यात हात घालतं. आणि आपल्या समाजाचे साचे काय आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. तरी आजही तालुक्याच्या गावात घरफोडी झाली की पहिली जीप पारधी वस्तीकडे वळते. तिथे काही सापडो न सापडो, दोन पोरं गाडीत बसतात. तपास सुरू झाल्याचं दिसतं, वर कळवता येतं. खरा तपास म्हणजे आजूबाजूला विचारपूस, सीसीटीव्ही, फोनचे तपशील, मुद्देमाल कुठे विकला गेला असेल त्याचा माग. त्याला दिवस लागतात आणि ताजं डोकं लागतं. साचा वापरायला काहीच लागत नाही. नाकाबंदीतही तेच दिसतं. पांढरी मोठी गाडी सलाम घेऊन पुढे जाते आणि मागे दोन पिशव्या बांधलेल्या जुन्या स्कूटरला बाजूला घेतलं जातं. या भेदभावाचं मूळ थकव्यात नाही, ते समाजात आहे. पण शिकवलेलं, वाचलेलं, प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं जे बाजूला सरकतं ते थकव्यामुळे, आणि मग लहानपणापासून मुरलेलं तेवढं वर येतं.

तिसरी गोष्ट हाताची. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानींनी १९८३ मध्ये 'अर्धसत्य' केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. त्यातला फौजदार अनंत वेलणकर गुंडापुढे हतबल आहे, वरिष्ठांपुढे हतबल आहे, घरात बापापुढे होता. शेवटी कोठडीतला एक किरकोळ चोर त्याच्या हाती लागतो आणि तो मारात मरतो. वर दाबलेलं सगळं खाली, ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावर, फुटतं. चाळीस वर्षं झाली तरी तो सिनेमा जुना वाटत नाही. २०१९ च्या ज्या अहवालाचा वर उल्लेख केला त्यात ३७ टक्के पोलिसांनी असं मत दिलंय की किरकोळ गुन्ह्यांत खटला चालवण्यापेक्षा पोलिसांनीच छोटीशी शिक्षा देऊन मोकळं व्हावं. हे वाचून दचकायला होतं. पण आपल्या कॉलनीत पाकीटमार सापडला की 'कोर्टात काही होत नाही, इथेच हाणा' असं किती टक्के लोक म्हणतील? पोलीस आपल्यातूनच भरती होतात.

आपलंही जरा बघू. आपल्याला पोलिसाचं तारतम्य हवं असतं ते स्वतःपुरतं. माझा मुलगा विनापरवाना सापडला तर 'साहेब, लहान आहे, समज द्या'. शेजाऱ्याचा सापडला तर 'कायदा सगळ्यांना सारखा'. ठाण्यात पाय ठेवण्याआधी आपण फोनमध्ये ओळखीचा नगरसेवक शोधतो आणि वर पोलिसांवर राजकीय दबाव असतो म्हणून तक्रार करतो. तो दबाव आपणच मिस्ड कॉलसारखा पाठवलेला असतो. २०१६ मध्ये मुंबईत खारला पेट्रोल पंपावर विलास शिंदे या वाहतूक पोलिसाने हेल्मेट नसलेल्या एका अल्पवयीन मुलाला अडवून कागदपत्रं मागितली. मुलाने भावाला बोलावलं, डोक्यात घाव बसला आणि काही दिवसांनी शिंदे गेले. अडवलं नसतं तर कुणी विचारलंही नसतं, कारण न अडवणं हाही त्याच्याच मर्जीचा भाग होता. रस्त्यावरचा पोलीस दिवसातून कितीदा तरी असं काहीतरी सोडून देतो. त्यातलं दयेपोटी किती, कंटाळ्यापोटी किती आणि भीतीपोटी किती, हे त्यालाही सांगता यायचं नाही.

न्यायालयांनी या प्रश्नावर बरंच सांगून ठेवलंय आणि त्यात एक उलटसुलट गंमत आहे. २०१३ च्या ललिता कुमारी निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे. काही ठरावीक प्रकार सोडले तर तिथे मर्जीचा प्रश्न नाही. पुढच्याच वर्षी, अर्नेश कुमार निकालात, सांगितलं की सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक यांत्रिकपणे करायची नाही. गरज आहे का ते तपासा, कारणं लिहा, नसेल तर नोटीस द्या. म्हणजे नोंद करताना मर्जी नको आणि अटक करताना विवेक हवा. प्रत्यक्षात कित्येक ठाण्यांत बरोबर उलटं चालतं. नोंद करायची की नाही यावर तास तास खल होतो, 'बघू, अर्ज ठेवून जा' होतं, आणि एकदा नोंद झाली, त्यातही वरून फोन आला, की अटक मात्र डोळे मिटून. राष्ट्रीय पोलीस आयोगाने आणीबाणीनंतरच्या आपल्या एका अहवालात सुमारे ६० टक्के अटका अनावश्यक किंवा असमर्थनीय असतात असं म्हटलं होतं. १९९४ च्या जोगिंदर कुमार निकालात न्यायालयाने त्याचा आधार घेऊन बजावलं की अटकेचा अधिकार असणं वेगळं आणि ती करण्याला कारण असणं वेगळं.

आता १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायचं, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक पथकाला घटनास्थळी बोलवायचं, तपास कुठवर आला ते फिर्यादीला मुदतीत कळवायचं. एकेक गोष्ट योग्यच आहे, मी तिच्या बाजूने आहे. पण अटक का केली याची कारणं पहाटे तीनला, अठराव्या तासाला लिहायला बसलेला माणूस काय लिहील? मागच्या प्रकरणातला मजकूर उचलून नाव बदलील. न्यायालयाला विवेकाचा पुरावा हवा होता, त्याच्या हातात छापील मजकूर पडतो आणि मग न्यायालय पुन्हा रागावतं.

पोलिसांनी हे स्वतः का मांडलं नाही असं कुणी विचारील. मांडलं होतं. १९८२ साली, गिरणी कामगारांचा संप चालू असताना, मुंबईच्या पोलीस शिपायांनी संघटनेच्या मार्फत पगार, घरं, कामाचे तास यांवर आवाज उठवला. स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या. १८ ऑगस्टच्या पहाटे नेत्यांना धरलं गेलं, संघटनेची मान्यता गेली, नायगाव-वरळीच्या पोलीस लाइनींतून लोक रस्त्यावर आले, शहरात दंगल उसळली आणि लष्कर बोलवावं लागलं. जाळपोळीचं समर्थन कुणी करणार नाही. पण त्यानंतर खात्यात कामाच्या तासांविषयी मोठ्याने बोलणं म्हणजे बेशिस्त, असं जे बसलं ते बसलंच. संघटना काढायला कायद्याने बंधन असल्यामुळे अधूनमधून पोलिसांच्या बायकाच निवेदनं घेऊन निघतात. ज्याच्या हातात दुसऱ्याचं स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार दिलाय त्याला स्वतःची एक सुट्टी मागायला बायको पाठवावी लागते.

आणि तास कमी करणं अशक्य आहे म्हणावं तर तसंही नाही. २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग झाला. आराखडा त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने मांडला होता. दत्ता पडसलगीकर तेव्हा आयुक्त होते; त्यांनी तो बासनात बांधला नाही, राबवून पाहिला. असलेल्याच माणसांची वाटणी नव्याने करून तीन पाळ्या लावल्या गेल्या आणि पुढे ती पद्धत शहरभर नेली. फ्रेझरसाहेबांनी ज्याच्याकडून डोक्याची अपेक्षाच ठेवू नये म्हटलं होतं, त्याच शिपायाच्या डोक्यातून हे निघालं, याची खात्याने मिरवणूक काढायला हवी होती. करोनात ती घडी विस्कटली. २०२२ च्या सुरुवातीला राज्यात महिला अंमलदारांसाठी बाराचे आठ तास करण्याचे निर्देश निघाले, त्याच वर्षी नैमित्तिक रजा बारावरून वीस झाल्या. कागदावर वीस. 'रजा शिल्लक आहे रे, पण सोडतंय कोण' हे वाक्य ठाण्यात तेव्हाही ऐकू यायचं आणि आताही येतं.

थकवा ही मारहाणीची सबब होऊ शकत नाही, हे इथे ठणकावून सांगायला हवं. चौदा तास काम करूनही हात न उचलणारे, पाण्याचा तांब्या पुढे करणारे हवालदार प्रत्येक ठाण्यात असतात. भागातल्या बायका त्यांना नावाने ओळखतात, 'मामा आहेत का?' विचारत येतात. आणि आठ तास झोपून आलेला माणूसही पैसे खातो. तास कमी झाले की सगळे साधू होतील या भ्रमात कुणी राहू नये. बदल्यांचा बाजार, आढावा बैठकीतली आकड्यांची भीती, यांचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अधिकाऱ्यांना किमान कार्यकाळ द्या म्हणून सांगितलं, २०१४ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात ते आलं, आणि 'प्रशासकीय कारणास्तव' या दोन शब्दांतून ते पुन्हा बाहेरही पडत असतं. पण उद्या बदली होईल या धास्तीने घेतलेला निर्णय आणि डोळे मिटत असताना घेतलेला निर्णय यांतला दुसरा तरी सुधारायला कायदा बदलावा लागत नाही. हजेरीचं वेळापत्रक बदलावं लागतं.

बस चालवणाऱ्याने दिवसात किती तास चालवायचं याला १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने मर्यादा घातली: साधारण आठ तास, आठवड्याला ४८. वैमानिकाच्या तासांवर तर डोळ्यांत तेल घालून लक्ष असतं. तिथे त्या चालकाची कणव हे मुख्य कारण नव्हतं, मागे बसलेल्यांचे जीव होते. पोलिसाच्या तासांचा विषय निघाला की मात्र आपण तो कल्याणनिधी, आरोग्य शिबिर आणि दिवाळी भेट यांच्या पंगतीत नेऊन बसवतो, जणू त्याच्यावर उपकारच करायचे आहेत. मागे बसलेले आपण आहोत, हे सोयीस्करपणे विसरतो.

मला एक साधी गोष्ट सुचते, कुणी हसलं तरी चालेल. प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात अधिकाऱ्यांची नावं आणि फोन नंबर लिहिलेला फलक असतोच. त्यावर एक रकाना वाढवावा: टेबलावर आत्ता कोण बसलंय आणि ते किती वाजल्यापासून कामावर आहेत. खडूने लिहिलं तरी पुरे. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते वाचता येईल, अचानक भेट द्यायला आलेल्या उपायुक्तांनाही वाचता येईल, आणि कोठडीत काही विपरीत घडलं तर चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनाही त्या रकान्याची नोंद मागवता येईल. खात्याचा आक्षेप मला आत्ताच ऐकू येतोय: यामुळे खात्याची प्रतिमा खराब होईल, आणि गुन्हेगारांना कळेल की कोण दमलंय. गुन्हेगारांना ते केव्हाच ठाऊक आहे. पहाटे तीन ते पाच या वेळात घरफोड्या करणारे काही फलक वाचून करत नाहीत.